सात नंबरचा पावणा

मला गाडी लागते. लहानपणापासून लागते, आणि साठीला टेकले तरी सुटलेली नाही. उलटीची गोळी घेतली की पोट शांत राहतं, पण डोळ्यांवर अशी गुंगी येते की सगळं जग ताकात बुडवून काढल्यासारखं दिसतं. त्यामुळे जुन्नर-आंबेगावबद्दल मी जे सांगणार आहे, ते त्या गुंगीतून पाहिलेलं आहे. माझ्याबरोबर गाडी चालवायला होते डॉ. भोसेकर, आमच्या संस्थेतले जनावरांचे सर्जन. ते म्हणतात, "मॅडम, निम्मं तुम्ही झोपेत पाहिलंत." पाहिलं असेन. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आम्ही एका बोकडाला आणायला निघालो होतो.

आता हे नीट सांगायला हवं. माझं सगळं आयुष्य पॉलियुरेथेनमध्ये गेलं. गादीतला फोम, चपलेचा तळवा, त्याच खानदानातलं हे प्लॅस्टिक. पण गुणी, लवचीक, चिवट. त्याच्या बारीक नळ्या करायच्या आणि खराब झालेल्या रक्तवाहिनीच्या जागी बसवायच्या, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं. पण रक्त भारी संशयी असतं हो! परकी वस्तू दिसली की आधी त्यातली प्रथिनं तिला जाऊन चिकटतात, मग प्लेटलेट्स येऊन बसतात, एकमेकींना बोलावून गर्दी करतात, आणि बघता बघता गुठळी. नळी बंद. जाड नळीत निभावून जातं, बारीक नळीत नाही. म्हणून रक्ताला परका वाटणार नाही असा लेप मी नळीला आतून दिला होता, आणि भोसेकरांनी त्या नळ्या बोकडांच्या मानेतल्या धमनीत शिवल्या होत्या.

सगळ्यांच्या बंद पडल्या. एकट्या सात नंबरची नाही पडली.

प्रकल्प संपला, निधी संपला, आणि उरलेल्या जनावराला चांगलं घर द्यायचं या नियमाप्रमाणे सात नंबर भोसेकरांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गेला, पिंपरी पेंढारला. अट एकच, विकायचा नाही आणि कापायचा नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. आणि या वर्षी अचानक नव्या समितीला माझ्या नळीची आठवण झाली. इतकी वर्षं टिकलेली नळी आतून कशी दिसते, शरीराने तिच्यावर स्वतःचं अस्तर चढवलं का, हे दाखवा. दाखवलंत तर माणसांवरच्या चाचणीचा विचार करू. ते दाखवायचं तर नळी बाहेर काढायला हवी. नळी काढायची म्हणजे बोकड जाणार. सरळच बोलते, मी त्याला मारण्यासाठी आणायला चालले होते. येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होणार, म्हणजे ही शेवटची संधी होती. मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

पेठ

पेठला चहाला थांबलो तेव्हा धुकं रस्त्यावर उतरलेलं होतं. आश्विन संपत आलेला, दिवाळी तोंडावर. हॉटेलवाल्याने कढईत भजी सोडली आणि त्या चुरचुर आवाजाने मी जागी झाले.

"पावणं, कुठशीक निघालाय?" त्याने विचारलं.

"बोकड आणायला," भोसेकर म्हणाले.

"दिवाळीच्या तोंडावर?" तो हसला. "मंग काय राव, मजा हाये तुमची!"

मला भजी गिळवेनात. पुण्यात प्रयोगशाळेत याच गोष्टीला आम्ही फार सभ्य शब्द वापरतो. भोसेकरांनी माझी प्लेट आपल्याकडे ओढली आणि संपवली.

पुढे मंचरच्या अलीकडे पारगावकडे वळणारा ऊसतोडीचा एक ट्रक दिसला. वर भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डाली, आणि या सगळ्यावर उंच बसलेली एक बाई बाळाला पाजत होती. गुंगीत मला वाटलं की ती तरंगतच चालली आहे. मग आमची गाडी पुढे गेली आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला.

पिंपरी पेंढार

तात्यांचं घर उसाच्या मधोमध. घराभोवती उंच जाळी, गोठ्याला लोखंडी दार, आणि कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा. "बिबट्यासाठी," तात्या म्हणाले. आमच्याकडे पुण्यात लोक चोरांना भिऊन दारं लावतात. इथे संध्याकाळी अंगणात उभं राहायचं तरी माणूस आधी उसाकडे बघून घेतो.

जेवायला मासवडी होती. मासा नावापुरता, बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर लालजर्द रस्सा. मी आपली कोकणस्थी जिभेची, दोन घास खाल्ले आणि कानातून वाफा निघाल्या. तात्यांच्या सूनबाईंनी न विचारता दह्याची वाटी पुढे केली. मी ती तोंडालाच लावली.

"तुमचा बोकड इथं न्हाई," तात्या म्हणाले.

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

"विकला?"

"आवो बाई, काय बोलता! इकीन कसा? तुमीच म्हणला व्हता, इकायचा न्हाई, कापायचा न्हाई." तात्या दुखावले. मग सावकाश त्यांनी सांगितलं. गोठ्याला दार बसवायच्या आधीची गोष्ट. पहाटेचा बिबट्या आला. "सगळी शेरडं गेली. एकूण एक. ह्यो आपला खुट्याला उभा. अंगावर वरखडा न्हाई. आता तुमीच सांगा, हे काय व्हतं?"

"पोट भरलं असेल त्याचं," मी म्हटलं.

"तुमी शिकली-सवरलेली मानसं, तुमी तसंच म्हणनार." ते हसले. त्यांच्याकडे कांदा लावायला दरवर्षी वरच्या डोंगरातलं एक जोडपं येतं, लक्ष्मण आणि हौसाबाई. हौसाबाईने बोकडाच्या मानेवरचा व्रण पाहिला, कानातला बिल्ला पाहिला, बिबट्याची गोष्ट ऐकली आणि विचारलं की याचं काय करणार. तात्या म्हणाले, काय करणार, याला विकताही येत नाही आणि कापताही येत नाही. "त्यावर ती म्हणली, मंग ह्यो देवाचाच झाला की. वाघोबानं ठिवलाय. द्या आमच्याकडं. आन् जाताना दोरी धरून घिऊन गेली वर."

भोसेकर माझ्याकडे बघून हसत होते. अट आम्ही घातली होती, शब्द आमचेच होते. न विकलेला, न कापलेला बोकड त्या मुलखात एकच असतो, देवाला सोडलेला. त्यांनी आमचं बोलणं त्यांच्या पद्धतीने अगदी बरोबर घेतलं होतं.

"बिल्ला आमच्या संस्थेचा आहे," मी उगीचच म्हटलं.

"आसंल की," तात्या म्हणाले. "आनखी थोडा रस्सा घ्या."

डिंभ्याच्या वर

घोडेगावला मुक्काम केला आणि सकाळी वर निघालो. मी पुन्हा गोळी घेतली.

डिंभे धरणाचं पाणी उजव्या हाताला लागलं आणि मग बराच वेळ सोडेचना. रस्ता वळला की ते दिसेनासं व्हायचं, पुन्हा वळला की खाली तेच, निळं, हलत नसलेलं, त्यावर धुक्याचा एक पट्टा. डोंगर पाण्यात उलटे उभे होते. मला कुठला वरचा आणि कुठला खालचा ते कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. खाचरांत भात पिवळा पडायला लागलेला. त्याच्या वर उतारावर नाचणी, वरई, आणि जिथे काहीच नाही तिथे खुरासणीची फुलं, इतकी पिवळी की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पिवळंच. हिरड्याच्या झाडांखालून गाडी जाताना काचेवर सावल्या सरकत होत्या. मी काच खाली केली. ओल्या गवताचा, शेणाचा, धुराचा वास आत आला आणि मला एकाएकी फार सुखी वाटलं. कशासाठी चाललोय हे आठवलं तेव्हा ते सुख गेलं नाही, नुसतं बाजूला सरकून बसलं.

"मॅडम," भोसेकर म्हणाले, "मागे पोती अंथरली आहेत. इंजेक्शन बॅगेत आहे. झोपेतच येईल तो पुण्यापर्यंत."

"माहीत आहे," मी जरा जोरातच म्हणाले.

वाडी म्हणजे उतारावरची थोडी घरं. लक्ष्मणभाऊ पडवीत विळ्याला धार लावत होते. वाळलेला, हसरा माणूस. हौसाबाईंनी आमच्या पायांवर पाणी घातलं आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. आम्ही कोण, कशाला आलो, काही विचारलं नाही. आमच्या सोसायटीत दाराच्या भिंगातून बघून मग साखळी काढतात.

आणि मग तो आला.

शेजारच्या अंगणातून आला. आपल्याच घरातून फिरावं तसा. अंगाने भरलेला, काळाभोर, दाढी पांढरी झालेली. एका घरातून कुणी मूठभर दाणे पुढे केले, ते खाल्ले. दुसऱ्या घरातल्या म्हातारीने भाकरीचा तुकडा दिला, तो खाल्ला. आणि मग आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

"या पावणं," हौसाबाई त्याला म्हणाल्या.

वाडीत सगळे त्याला पावणंच म्हणत होते. बाहेरून आलेला, म्हणून पावणं. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. केसांखाली व्रणाची बारीक रेघ लागली. ती भोसेकरांची शिलाई, आणि तिच्या खाली कुठेतरी माझी नळी.

"आम्ही याला तपासायला न्यायला आलोय," मी म्हटलं. "पुण्याला."

एवढंच म्हटलं. बाकीचं तोंडातून निघालंच नाही.

लक्ष्मणभाऊंनी हौसाबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता वाद होणार. मी भांडायच्या तयारीतच आले होते, कागदपत्रं होती, नियम पाठ होते.

"तुमचंच हाये जनावर," लक्ष्मणभाऊ म्हणाले. "न्हेऊन तपासा. पन आज वाघबारस हाये बाई. देवाला सांगितल्याबिगर शिवंच्या भाईर काढता येनार न्हाई. सांगू आन् मंग जावा."

वाघोबा

वाघबारस मला नुसती ऐकून माहीत होती. आमच्याकडे त्या दिवशी गाय-वासराची पूजा, तीही चित्राची. इथे गुरं राखणारे सगळे वाघोबाच्या झाडाखाली जमतात. घराघरातून तांदूळ, दूध, गूळ गोळा होतो आणि तिथेच दगडांच्या चुलीवर मोठ्या भांड्यात खीर शिजते. देव म्हणजे एक शिळा, तिच्यावर शेंदरात बुडालेला वाघ; वाघ म्हटलं म्हणून वाघ, नाहीतर मांजरही चाललं असतं. एक दांडगा गडी अंगाला राखेचे पट्टे ओढून वाघ झाला होता. बाकीचे त्याला हाकलत रानात पळाले, आरडाओरडा, हसणं, आणि थोड्या वेळाने तो वाघ धापा टाकत परत येऊन खिरीला बसला. धूर झाडात अडकून राहिला होता आणि ऊन त्यातून तिरपं येत होतं. मला ते सगळं फार लांबून दिसत होतं.

खिरीआधी लक्ष्मणभाऊंनी बोकडाला शिळेपुढे उभं केलं. पाणी शिंपडलं, कपाळाला शेंदूर लावला. मग मला हाताला धरून पुढे नेलं आणि दोरीचं टोक माझ्या मुठीत दिलं. मी काही देव मानणारी नव्हे. पण उभी राहिले.

"वाघोबा देवा," ते मोठ्याने, शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागले, "आपलं पावणं आज पुन्याला जातंय. ह्या बाईच्या हवाली केलंय. तपासून माघारी येनार हाये. वाटंनं त्याला संबाळ, बाईला संबाळ. माघारी आनून घालायचं बाईकडं."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

एवढ्या लोकांदेखत, माझ्या नावाने, त्या शिळेला शब्द दिला गेला होता. मी भोसेकरांकडे पाहिलं. ते शेंदराकडे बघत होते.

खीर गोड होती, धुरकट. हौसाबाई घरी जाऊन आल्या. फडक्यात बांधलेली शिदोरी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "पावण्याला नाचनीची भाकरी लागती. जाता जाता ही द्या. आन् ही दुसरी ठेवून द्या, येताना लागंल."

गाडीपाशी आलो. भोसेकरांनी इंजेक्शनआधी डॉपलर काढलं. हातात मावणारं छोटं यंत्र, त्वचेवरून फिरवलं की आत वाहणाऱ्या रक्ताचा आवाज बाहेर ऐकू येतो. नळी बंद पडली असेल तर नेण्यात अर्थच नव्हता. मी खरंच सांगते, त्या क्षणी मला वाटलं, बंद असू दे. सगळ्या आयुष्याचं काम आणि मी म्हणतेय, बंद असू दे.

त्यांनी मानेवर जेल लावली. आधी खरखर. मग एकदम आवाज आला.

हुश्श. हुश्श. हुश्श. भरलेला, मोकळा. लोक पुढे सरकले. वाघ झालेला गडीही राख पुसत येऊन उभा राहिला.

"काय वाजतंय हे?" हौसाबाईंनी विचारलं.

"याचं रक्त," मी म्हटलं. "मी केलेल्या नळीतून चाललंय."

"आत्ता?"

"हो, आत्ता."

त्यांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिल्या. बोकड रवंथ करत होता आणि त्याचं रक्त सगळ्या वाडीला ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत मी हा आवाज प्रयोगशाळेत कितीदा ऐकला असेल, पण प्रत्येक वेळी तो थांबण्याची वाट बघत ऐकला होता. इथे तो थांबेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. मला रडू आलं, आणि चारचौघांत हुंदका देऊन रडले. रुमालही सापडेना.

"हौसाबाई," मी म्हटलं, "हा परत येणार नाही. तपासायचं म्हणजे कापायचं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

भोसेकरांनी यंत्र बंद केलं.

हौसाबाईंनी पुढे होऊन दोरी माझ्या मुठीतून काढून घेतली. हळूच, पण काढून घेतली.

"आदी सांगायचं व्हतं ना बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्यापायी आमी देवाला खोटं बोललो."

"मी नेत नाही त्याला. राहू दे."

"ते झालं," लक्ष्मणभाऊ म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. "पन माघारी येनार म्हणून सांगितलंय. त्याचं काय करायचं?"

यावर चांगली चर्चा झाली. बोकड गेलाच नाही तर माघारी कसा येणार, असं वाघाचं म्हणणं. शब्द तर दिलाय, असं म्हातारीचं म्हणणं. मी अपराध्यासारखी उभी. शेवटी हौसाबाईंनी शिदोरी उचलली आणि माझ्या हातात कोंबली. अजून रागातच होत्या.

"मंग तुमी या," त्या म्हणाल्या. "पावणं गेलं, माघारी आलं, एवढंच देवाला पायजे. एक जाताना खावा. एक येताना."

लक्ष्मणभाऊ परत शिळेपाशी गेले. त्यांनी देवाला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. सात नंबर त्यांच्यामागून गेला आणि तिथे सांडलेली खीर चाटू लागला.

परतीच्या वाटेवर मी गोळी घेतली नाही. धरणाचं पाणी संध्याकाळी तांबूस झालं होतं. मागच्या सीटवर रिकामी पोती होती. भोसेकर म्हणाले, "मॅडम, आता समितीला काय दाखवणार?" मी म्हटलं, "गाडी चालवा." आश्चर्य म्हणजे पेठपर्यंत मला उलटीही झाली नाही.

समितीपुढे मी भोसेकरांच्या यंत्रात रेकॉर्ड होऊन राहिलेला तो आवाज वाजवला. सगळ्यांनी शांतपणे ऐकला. "उत्तम," अध्यक्ष म्हणाले, "पण आतून कशी दिसते?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी फाइल मिटली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटलं. माझी नळी माणसाच्या शरीरात गेलेली मी आता बघणार नाही.

पहिली भाकरी मी त्याच दिवशी पेठच्या हॉटेलात चहाबरोबर खाल्ली होती. दुसरी प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये, नमुन्यांच्या कप्प्यात, फडक्यासकट ठेवली आहे. परवा नव्याने लागलेल्या मुलीने विचारलं, मॅडम, हे टाकून देऊ का? मी तिच्यावर केवढ्याने खेकसले! मग समजावून सांगितलं. म्हटलं, हात लावू नकोस तिला, ती येतानाची आहे.